इंग्लंडमधल्या शिक्षकांची उन्हाळी सुट्टी : विश्रांती, युरोप आणि घर एका सुट्टीत कसं बसवायचं

प्रश्न असा आहे : सप्टेंबरपासून इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला सुरुवात केली. भारतीय पासपोर्ट, स्किल्ड वर्कर व्हिसा. पहिलं वर्ष संपत आलंय आणि जीव मेटाकुटीला आलाय. सुट्टी सहा आठवड्यांची आहे. नुसता आराम करावा, युरोप बघावा की भारतात घरी जाऊन यावं? तिन्ही जमेल का?

ओढूनताणून तिन्ही जमेल. पण पहिल्या वर्षी तिन्ही करू नका. एक मोठा प्रवास, एक छोटा आणि सुरुवातीचा आठवडा पूर्ण रिकामा, एवढंच ठेवा. त्यातही प्रवास कोणता करायचा यापेक्षा कोणत्या क्रमाने करायचा हे जास्त महत्त्वाचं, कारण सुट्टी बिघडते ती बहुधा क्रम चुकल्यामुळे. आधी विश्रांती, मग प्रवास, शेवटी पुन्हा चारपाच दिवस इथल्या घरी.

आधी दिवसांचा हिशोब. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ शिक्षकाचं वर्ष १९५ दिवसांचं असतं. त्यातले १९० दिवस मुलांसमोर आणि ५ दिवस इन्सेटचे, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे. अकॅडमी शाळांना, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या शाळांना, यात बदल करता येतो, पण बहुतेक शाळा हेच पाळतात. उन्हाळी सुट्टी साधारण २२ जुलै ते ३१ ऑगस्ट धरली तर ४१ दिवस हाताशी येतात. इथे नवीन माणूस हमखास फसतो तो परतीच्या तारखेवर. शाळेच्या संकेतस्थळावर छापलेली तारीख मुलांची असते. शिक्षकांना त्याच्या एक किंवा दोन दिवस आधी इन्सेटला हजर राहावं लागतं. तिकीट काढण्यापूर्वी शिक्षकांचं कॅलेंडर मागून घ्या. विमान चुकलं किंवा रद्द झालं तर सत्र चालू असताना रजा नावाचा प्रकार जवळजवळ नसतोच. बिनपगारी दिवस आणि मुख्याध्यापकांशी अवघड बोलणं, दोन्ही पदरात पडतं.

पगाराची काळजी करू नका. नियमित नेमणूक असेल तर वर्षाचा पगार बारा समान हप्त्यांत येतो, त्यामुळे ऑगस्टचा पगार ठरल्या दिवशी जमा होतो. शाळा बदलायची असेल तर मात्र ३१ मे ही तारीख विसरू नका. तोवर राजीनामा दिला तर ३१ ऑगस्टपर्यंत नोकरीत राहता आणि सुट्टीचा पगारही मिळतो. एजन्सीमार्फत सप्लाय, म्हणजे बदली शिक्षक म्हणून काम करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. त्यांना ऑगस्टमध्ये काम नाही म्हणजे पैसे नाहीत, आणि रजेचा पगार बऱ्याचदा दर आठवड्याच्या पैशांत मिसळून आधीच देऊन टाकलेला असतो. पगारचिठ्ठीवर ते नीट बघा आणि उन्हाळ्यासाठी इस्टरपासूनच बाजूला टाकत चला.

आता कागदपत्रं, कारण भारतीय पासपोर्टवर खरी अडचण इथेच आहे. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण काही प्रकरणांत तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. व्हिसा केंद्रं कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत चालतात आणि त्या वेळी तुम्ही वर्गात असता. म्हणून अपॉइंटमेंट बसते ती फक्त फेब्रुवारीच्या हाफ टर्ममध्ये (सत्राच्या मधल्या सुट्टीत), इस्टरच्या दोन आठवड्यांत किंवा मेअखेरच्या हाफ टर्ममध्ये. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यालाच सहा महिन्यांची खिडकी उघडलेली असते. जून-जुलैत अपॉइंटमेंट शोधायला बसलात तर इतर हजारो जण त्याच रांगेत असतात. अर्ज दिला की निर्णय येईपर्यंत पासपोर्ट वकिलातीत अडकून पडतो तो वेगळाच, आणि तो परत येईपर्यंत भारताचंही विमान पकडता येत नाही. युरोप आणि भारत एकाच उन्हाळ्यात करू पाहणाऱ्यांचा बेत बहुतेक याच ठिकाणी कोलमडतो.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून बेत दुसरीकडचा आखला, तर तो अर्ज नाकारला जाण्याचं सरळ कारण ठरतं. प्रौढ व्यक्तीला शुल्क ९० युरो, वर केंद्राचा सेवाआकार. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतल्यानंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवासविम्यात वैद्यकीय खर्चाचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं असावं लागतं. याशिवाय तीन महिन्यांची बँकेची विवरणपत्रं, पगारचिठ्ठ्या, राहण्याचं आणि तिकिटांचं आरक्षण, आणि ब्रिटनमधल्या वास्तव्याचा पुरावा. तो पुरावा आता ई-व्हिसाच्या रूपात असतो. त्याचा शेअर कोड, म्हणजे समोरच्याला तो ऑनलाइन तपासता यावा म्हणून काढायचा कोड, ९० दिवसच चालतो, म्हणून तो अर्जाच्या आठवड्यात नवा काढा, मार्चमध्ये काढलेला जूनमध्ये जोडू नका.

एक कागद मात्र सुट्टी लागल्यावर मिळत नाही : शाळेचं पत्र. लेटरहेडवर तुमचं पद, नेमणुकीची तारीख, पगार आणि ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत शाळेला सुट्टी आहे, त्यानंतर शिक्षक पुन्हा कामावर रुजू होतील’ एवढा मजकूर हवा. जुलैच्या अखेरीला शाळेचं कार्यालय बंद होतं किंवा एखादा माणूस आठवड्यातून दोनदा येऊन टपाल बघून जातो. अर्ज कधीही करायचा असो, पत्र आधीच मागून ठेवा.

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा निराळा. बेलफास्टहून डब्लिनला जाताना वाटेत चौकी दिसत नाही म्हणून व्हिसाही लागत नाही असा अर्थ बरेच जण काढतात, आणि तो चुकीचा आहे. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचाच भाग, तिथे खुशाल फिरा. सीमा ओलांडायची तर व्हिसा हवा.

ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस (एंट्री-एक्झिट सिस्टिम) ही येण्याजाण्याची नवी नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाच्या वेळी माहिती नोंदवायला वेळ जातो. युरोस्टार रेल्वेने किंवा डोव्हर बंदरातून फेरीबोटीने जाणाऱ्यांची ही तपासणी इंग्लंडच्या बाजूलाच होते. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथे काय रांग लागत असेल याची कल्पना करा आणि ते दिवस टाळा.

विश्रांतीबद्दल थोडं सविस्तर, कारण शिक्षक मंडळी याच विषयात सर्वांत निष्काळजी. सत्राच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळचं विमान पकडणं दिसायला हुशारीचं वाटतं, एक दिवस वाचतो. पण सुट्टी लागताच सर्दी, डोकेदुखी, ताप येणं हा अनेकांचा अनुभव असतो. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ आड फिंगरहूट्स यांनी याच प्रकाराचा अभ्यास केला होता. कारणं अनेक सांगितली जातात. दहा महिने धावपळीच्या जोरावर रेटलेलं शरीर एकदम थांबतं, झोपेची थकबाकी वर येते. ती थकबाकी हॉटेलच्या खोलीत फेडण्यापेक्षा स्वतःच्या पलंगावर फेडलेली बरी, स्वस्तही पडते. म्हणून पहिले सात दिवस कुठलंही तिकीट नको, पाहुणे नकोत, घराची साफसफाईसुद्धा नको.

नुसतं लोळून मात्र थकवा जात नाही. झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७मध्ये कामानंतर माणूस कसा सावरतो याची चार अंगं मांडली : कामापासून मनाने सुटणं, शरीर सैल सोडणं, काहीतरी नवं शिकणं-जमवणं आणि स्वतःचा वेळ स्वतः ठरवणं. शिक्षकाच्या बाबतीत पहिलं आणि शेवटचं अंग सर्वांत अवघड. घंटेवर चालणाऱ्या आयुष्यात पाणी कधी प्यायचं हेही वेळापत्रक ठरवतं, त्यामुळे सुट्टीत मिनिटामिनिटाचा कार्यक्रम आखणारी सहल घेतली की सुटका होतच नाही. ‘दहा दिवसांत सात देश’ छापाच्या सहलींना माझा आक्षेप यासाठीच आहे. सकाळी सहाला सामान दाराबाहेर, साडेसातला बस : ही शाळाच झाली, फक्त गणवेश नाही.

मनाने सुटायचं तर त्याची तयारी जूनमध्ये करावी लागते. जीसीएसई आणि ए-लेव्हलच्या परीक्षा जूनच्या उत्तरार्धात संपतात, त्या परीक्षांची, म्हणजे इयर ११ आणि इयर १३ची, मुलं गेलेली असतात आणि तुमचे काही तास मोकळे होतात. शाळेत त्याला ‘गेन्ड टाइम’ म्हणतात. हा वेळ कपाटं आवरण्यात घालवू नका. बहुतेक शाळांत पुढच्या वर्षाचं वेळापत्रक जुलैच्या सुरुवातीला हातात येतं. सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांचे पाठ, बसण्याचे आराखडे, प्रयोगशाळेच्या साहित्याच्या मागण्या आणि छापायचे कागद तेव्हाच तयार करून ठेवा. एवढं झालं की ऑगस्टमध्ये लॅपटॉप उघडायचं कारणच उरत नाही. शेवटच्या दिवशी स्वयंचलित उत्तर लावा आणि फोनवरून शाळेचं मेल ॲप काढूनच टाका. नुसत्या सूचना बंद करून भागत नाही, बोट सवयीने तिकडे जातंच.

निकालाचे दिवस लक्षात असू द्या : ए-लेव्हलचा ऑगस्टच्या मध्याच्या एका गुरुवारी, जीसीएसईचा त्याच्या पुढच्या गुरुवारी. साध्या शिक्षकाने त्या दिवशी हजर राहावंच असं नाही. विभागप्रमुख असाल तर अपेक्षा असते, आधी विचारून घ्या.

आता प्रवासाची जागा आणि वेळ. इथे एक गोष्ट इंग्लंडमधल्या शिक्षकाला फार उपयोगी पडते, पण ती फारशी कुणी सांगत नाही. स्कॉटलंडच्या शाळा जूनअखेर बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्याला उघडतात. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड इथेही शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा मध्याच्या सुमाराला सुरू होतात. म्हणजे १५ ऑगस्टनंतर तुमची सुट्टी चालूच असते आणि तिथली स्थानिक कुटुंबं घरी परतलेली असतात. खोल्या मिळतात, दर उतरतात, संध्याकाळी नऊच्या आसपास अजून उजेड असतो. उलट इटलीत १५ ऑगस्टचा फेरागोस्तो हा सुट्टीचा सण म्हणजे ऐन गर्दी, शहरातली छोटी दुकानं बंद आणि किनारे भरलेले. दक्षिण स्पेनमध्ये त्या काळात ऊन असं की दुपारी खोलीतच बसावं लागतं. ते प्रदेश इस्टरसाठी ठेवा.

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, ऑगस्टअखेर चार-पाच दिवस हा पहिल्या वर्षाचा सर्वांत चांगला छोटा प्रवास. व्हिसा लागत नाही. मात्र एडिंबरात राहायचं टाळा. ऑगस्टभर तिथे महोत्सव असतो आणि खोल्यांचे दर अंगावर येतात. इन्व्हर्नेस किंवा फोर्ट विल्यम धरा. ‘मिज’ नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचा त्रास जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त, तोही पहाटे आणि संध्याकाळी, दमट आणि वारा पडलेल्या हवेत. ताशी १०-१२ किलोमीटरहून जास्त वारा असला की त्या उडत नाहीत. म्हणून मुक्काम पाण्यालगत झाडीत नको, उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला घ्या, आणि डोक्यावरून ओढायची जाळी सोबत ठेवा.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर परवान्याची तारीख मोजा. भारतीय परवान्यावर ग्रेट ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. गेल्या ऑगस्टअखेर आला असाल तर ही मुदत नेमकी याच सहलीच्या दिवसांत संपते. हायलँड्सचे बरेच रस्ते एकेरी रुंदीचे असतात आणि ठरावीक अंतरावर ‘पासिंग प्लेस’ असतात. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबायचं. उजव्या हाताला असेल तर आपण रस्त्यावरच, तिच्या समोर थांबायचं, समोरचा तिच्यात शिरून जातो. मागून येणाऱ्या घाईतल्या गाडीलाही तसंच पुढे जाऊ द्यायचं. फोटो काढायला तिथे गाडी उभी केली की स्थानिक लोक चिडतात, आणि बरोबरच चिडतात.

रेल्वेने जाणार असाल तर ॲडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी विक्रीला येतात, म्हणजे ऑगस्टअखेरची तिकिटं जूनच्या सुरुवातीला बघा. रेलकार्ड ३५ पौंडांचं, वर्षभर चालतं आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सवलत देतं. लांबच्या एकाच प्रवासात पैसे वसूल होतात. दोघांचं ‘टू टुगेदर’ कार्ड सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही आणि दोघंही गाडीत असावे लागतात. ऑगस्टचा शेवटचा सोमवार इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बस मिळते. राहायला विद्यापीठांची वसतिगृहं बघा. विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि साध्या स्वच्छ खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना दिल्या जातात.

युरोपच निवडलात तर एक देश, दोन मुक्काम, दहा-बारा दिवस. ब्रिटनचा कायदेशीर रहिवासी म्हणून तुम्ही युरोपभरच्या रेल्वेचा इंटररेल पास घेऊ शकता, भारतीय पासपोर्ट असला तरी. पण फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांना पास असूनही वेगळं आरक्षण लागतं, आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी जागा मर्यादित असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत नुसतं चढून बसता येतं. मनात आलं तर उतरायचं, नाही आलं तर पुढे जायचं : विश्रांतीच्या दृष्टीने हे तीन देश म्हणूनच बरे.

भारताबद्दल स्पष्ट सांगायचं तर घरी जाणं सुखाचं असतं, पण ती विश्रांती नव्हे. दोन्हीकडचे नातेवाईक, ज्यांची लग्नं चुकली त्यांच्या घरी भेटी, दाताचा डॉक्टर, बँक. बँकेचं काम पहिल्याच खेपेला उरकून टाका. परदेशात नोकरीसाठी राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं, तसंच चालू ठेवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमात बसत नाही. विमानभाडं शाळा सुटतात त्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांत चढतं. ३० जुलैला निघून १७ ऑगस्टला परत, असा बेत केला तर पहिला आठवडाही रिकामा मिळतो आणि दोन्ही टोकांची गर्दी चुकते. पावसाळा असल्याने परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा. घाटात दरड आणि रुळांवर पाणी हे तुमचं वेळापत्रक बघून येत नाहीत. उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा. जाताना तीन-चार दिवस जड जातात, येताना पहाटे लवकर जाग येते, जी शाळेला उपयोगीच पडते.

सणाच्या आशेवर तिकीट काढण्याआधी पंचांग बघा. २०२६मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर. २०२७मध्ये ४ सप्टेंबरला, तेव्हाही बहुतेक शाळा उघडलेल्या असतील. दिवाळीचं जमतं ते क्वचित. २०२७चं लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे आणि बऱ्याच शाळांचा हाफ टर्म त्याच आठवड्यात पडेल. तेवढ्यासाठी आठवड्याची धावती फेरी करणारे करतात.

परदेशातल्या दिवसांची नोंद एका वहीत ठेवा : निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, देश, विमान क्रमांक. पुढे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना कोणत्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही. निघण्याचा आणि परतीचा दिवस त्यात धरत नाहीत, फक्त पूर्ण दिवस मोजतात. वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या मिळून साधारण १३ आठवडे, म्हणजे ९१ दिवस होतात. त्यामुळे एरवी धोका नाही, पण आजारपणामुळे मुक्काम लांबला तर ही वही कामी येते. निघण्यापूर्वी यूकेव्हीआय खातं, म्हणजे ई-व्हिसाचं ऑनलाइन खातं, उघडून बघा. पासपोर्ट नवा केला असेल तर नवा क्रमांक तिथे जोडलेला हवा, नाहीतर विमान कंपनीच्या काउंटरवर अडवलं जाऊ शकतं. लॉगिनचा कोड ईमेलवर येईल असं निवडा. ब्रिटनचं सिम परदेशात चाललं नाही तर फोनवर येणारा कोड मिळत नाही.

शेवटचे चार-पाच दिवस इंग्लंडमधल्या घरी राहा. उठण्याची वेळ रोज १५-२० मिनिटांनी अलीकडे आणत शाळेच्या वेळेवर आणा. रविवारी रात्री एकदम दहाला झोपायचं ठरवून झोप येत नाही. आवाजालाही सरावायला वेळ द्या : सहा आठवडे मोठ्याने न बोललेला घसा पहिल्याच दिवशी पाच तास ताणला की आठवड्याअखेर बसतो. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा, पाणी पीत राहा. घसा दुखलाच तर कुजबुजत बोलू नका, त्याने स्वरतंतूंवर आणखी ताण पडू शकतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला.